संकटात हाक कोणाला मारायची?



दीक्षा घेतलेल्या घरात पहिला अवघड प्रश्न कोणता उभा राहतो, असे कोणी विचारले तर मी म्हणेन, देव्हारा उठला, आता संकटात हाक कोणाला मारायची? सुखाच्या दिवसांत हा प्रश्न कोणी काढत नाही. पोर तापाने फणफणले, म्हैस मेली, कर्त्या माणसाचे काम सुटले, की घरातली म्हातारी हळूच म्हणते, "एकदा भगताला दाखवून तर बघा." तिला हसू नका. दवाखाना लांब, सावकार उंबऱ्याबाहेर उभा करणारा, कचेरीत तर पाऊल टाकायची चोरी. तिच्या उमेदीच्या काळात भगत हाच एक जवळचा माणूस होता. देव्हारा उठवला आणि त्या जागी काहीच ठेवले नाही, तर म्हातारी पुन्हा तिकडेच जाणार. तेव्हा त्या जागी काय ठेवायचे ते आज पाहू.

आपण रोज बुद्धं सरणं गच्छामि म्हणतो. या सरणाचा अर्थ बुद्ध धावून येईल आणि ताप उतरवील, असा नाही. पूज्य बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात तथागत हा मार्गदाता आहे, मोक्षदाता नव्हे, हे स्वच्छ मांडले आहे. मग मार्ग कोणता? त्यासाठी दीघनिकायातले सिगालोवाद सुत्त आपल्या घरात वाचले गेले पाहिजे.

राजगृहातला सिगाल नावाचा तरुण पहाटे उठून, ओल्या केसांनी आणि ओल्या वस्त्रांनी, हात जोडून सहा दिशांना नमस्कार घालीत होता. पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, खाली आणि वर. भगवंत भिक्षेला निघाले होते. त्यांनी विचारले, हे काय चालले आहे? तो म्हणाला, वडिलांनी मरताना सांगितले म्हणून करतो. म्हणजे आपल्यासारखेच! का करतो ते ठाऊक नाही, वाडवडिलांनी सांगितले एवढेच ठाऊक.

भगवंतांनी त्याला झिडकारले नाही. त्यांनी दिशांचा अर्थच बदलला. पूर्व म्हणजे आईवडील, दक्षिण म्हणजे शिक्षक, पश्चिम म्हणजे पत्नी व मुले, उत्तर म्हणजे मित्र आणि सोबती, खालची दिशा म्हणजे आपल्या हाताखाली राबणारी माणसे, आणि वरची दिशा म्हणजे श्रमण, धम्माचा उपदेश करणारे. दिशा म्हणजे आभाळ नव्हे, भोवतालची माणसे. या सहा बाजू नीट राखल्या म्हणजे भय कोणत्याही बाजूने आत शिरत नाही.

यातली उत्तर दिशा आज नीट पाहा. मित्राने काय करावे ते तिथे सांगितले आहे. आपण गाफील असताना आपल्याला व आपल्या चीजवस्तूला सांभाळावे, भय वाटले तर आसरा द्यावा, विपत्तीत सोडून जाऊ नये. आणि खरा मित्र ओळखायची एक खूणही दिली आहे. गरज पडली की मागितले त्याच्या दुप्पट तो पुढे करतो. आपल्या वस्तीत असा माणूस आहे का? असतो, बहुधा असतोच. पण आपण त्याच्याशी बांधाच्या हातभर जागेवरून बोलणे टाकलेले असते.

दुसरी गोष्ट विनयपिटकातली. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच घाणीत पडून होता. भगवंत व आनंद फिरत तिथे आले. तुझी शुश्रूषा कोणी का करीत नाही, असे विचारता तो म्हणाला, मी कोणाच्या उपयोगी पडत नाही, म्हणून कोणी माझे करीत नाही. भगवंतांनी पाणी आणवले. त्यांनी पाणी ओतले, आनंदांनी अंग धुतले. एकाने डोके, दुसऱ्याने पाय धरून त्याला खाटेवर ठेवले. मग संघाला गोळा करून विचारले, तुमचे आईबाप इथे नाहीत, तुम्हीच एकमेकांचे केले नाही तर कोण करणार?

हा प्रश्न आपल्याला तंतोतंत लागू आहे. दीक्षेनंतर काही नातेवाईक दुरावतात, जुनी यजमानी सुटते. आता आपणच एकमेकांचे.

याच ठिकाणी चांगला रोगी कोण, हेही सांगितले आहे, आणि मला ते फार मोलाचे वाटते. जो पथ्य पाळतो, त्यात प्रमाण ठेवतो, औषध घेतो, दुखणे सोसतो, आणि शुश्रूषा करणाऱ्याला आपला आजार आहे तसा सांगतो. वाढला तर वाढला म्हणतो, उतरला तर उतरला म्हणतो. आपण मात्र लपवतो. कर्ज लपवतो, दारू लपवतो, सुनेचा छळ लपवतो, मुलीचे मन खचले ते लपवतो. शाळेत मी पाहतो, मूल आठ आठ दिवस येत नाही आणि पालक "पाहुण्यांकडे गेलंय" म्हणतात. खरे कळले तर फी, पुस्तके, वसतिगृह, शिष्यवृत्ती, काहीतरी वाट काढता येते. दक्षिण दिशेला बसलेल्या माणसाला निदान खरे तरी सांगा!

आता आजच्या काळातल्या जवळच्या मदतीविषयी. साप, विंचू किंवा कुत्रा चावला तर मंत्र नको, सरळ सरकारी दवाखाना. दवाखान्याचे उपचार घेण्यापासून माणसाला अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. गावातली आशाताई कोण, तिचे घर कुठले, हे घरातल्या प्रत्येकाला माहीत हवे. परवाना नसलेला सावकार छळत असेल तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे लेखी तक्रार करता येते.

कोर्टकचेरीची वेळ आली तर 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. बौद्ध झालो म्हणजे आपले हे हक्क गेले, अशी भीती अजून पुष्कळ घरांत आहे. 1990 साली अनुसूचित जातींच्या आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला आहे. जुने दाखले मात्र जपून ठेवा, पत्र्याच्या पेटीत, प्लॅस्टिकच्या पिशवीत.

येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की अर्धा तास बसा. एक मोठा कागद घ्या. रुग्णवाहिकेचा 108, विधी सेवेचा 15100, मन खचलेल्या माणसाने बोलावे असा टेली-मानसचा 14416, हे आकडे ठळक अक्षरांत लिहा. त्याखाली वस्तीतल्या माणसांची नावे लिहा, त्यांना विचारूनच. रात्री गाडी काढील असा कोण, अर्ज लिहून देईल असा कोण, बाळंतिणीजवळ बसेल अशी कोण, दवाखान्यात सोबत येईल असा कोण. म्हातारीला वाचता येत नसेल तर नातवाने तिला तो कागद दर आठवड्याला वाचून दाखवावा, आणि ती नावे तिच्याकडून पाठ म्हणवून घ्यावीत.