डिझेल गाडीचा फिल्टर घरच्या घरीं कसा बदलावा

कांदा व भाजीपाला बाजारांत पोंचविण्यासाठीं जीप किंवा तत्सम डिझेल-गाडी हल्लीं पुष्कळ शेतकरी कुटुंबांच्या दारांत उभी असते. परंतु बैलाच्या खुरांची जितकी काळजी घेतली जाते, तितकी या गाडीच्या इंधनाच्या गाळणीची घेतली जात नाहीं. मेकॅनिक लोक जिला डिझेल फिल्टर म्हणतात ती हीच गाळणी. ती बदलण्याचें काम तासाभराचें असून घरच्या पान्यांनीं होण्यासारखें आहे. मात्र त्यांत एक जागा अशी आहे कीं, तेथें चूक झाल्यास फिल्टर बदललाच नसता तर बरें झालें असतें, असें म्हणण्याची पाळी येते. प्रस्तुत लेखकावर ती आली होती.

डिझेल एंजिनांत ठिणगी नसते. दाबानें तापलेल्या हवेंत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडला म्हणजे तें आपोआप पेट घेतें. हा फवारा उडविणाऱ्या पंपाचा दट्ट्या व त्याचें नळकांडें यांतील फट अवघी २ ते ४ मायक्रॉन असते. माणसाचा केस सुमारें ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. दट्ट्याला वंगण म्हणून डिझेलवांचून दुसरें कांहीं मिळत नाहीं. त्यामुळें धुळीचा कण तेथें कानशीसारखा घासतो, आणि पाणी शिरलें तर गंज चढतो. हें पाणी टाकींतच जमतें. टाकी अर्धी रिकामी राहिली कीं रात्रीच्या गारव्यानें आंतल्या हवेंतील बाष्पाचे थेंब होतात. उघड्यावरच्या बॅरलांत व कॅनमध्यें तर पावसाळ्यांत विचारूंच नये. पाणी डिझेलहून जड असल्यामुळें तें फिल्टरच्या तळाशीं बसतें. तेथील बूच सैल करून पहिलें कपभर डिझेल काचेच्या बाटलींत धरावें व घटकाभर स्थिर ठेवावें. तळाशीं निराळा थर दिसला तर तें पाणीच होय.

फिल्टर किती किलोमीटरनंतर बदलावा तें गाडीच्या पुस्तकांत दिलेलें असतें; कॅनमधील डिझेल वापरणारांनीं त्याच्याही आधीं बदलावा. एंजिन पूर्ण थंड असावें, गाडी मोकळ्या जागेंत असावी, आणि जवळपास चूल किंवा विडी नसावी. फिल्टरला विजेची तार जोडलेली असल्यास बॅटरीचें ऋण टोक आधीं सोडावें. खालीं परात ठेवावी. फिल्टर ज्या डोक्यास बसतो तें डोकें व भोंवतालची जागा पाना लावण्यापूर्वींच पुसून घ्यावी. फिल्टर काढल्यावर झाडलेली धूळ सरळ आंत जाते. जुना फिल्टर पट्ट्याच्या पान्यानें डावीकडे फिरवून काढावा. नंतर त्याची रबरी रिंग त्याच्याबरोबर आली कीं डोक्यासच चिकटून राहिली, तें बोट फिरवून पाहावें. जुन्या रिंगवर नवी बसली कीं गळती ठरलेलीच. तळाचें बूच जुन्या फिल्टरचें असल्यास तें नव्याला नव्या वॉशरनिशीं लावावें. नव्या रिंगला डिझेलचें बोट लावून फिल्टर हातानेंच बसवावा, आणि रिंग टेकल्यावर त्यावर छापलेल्या सूचनेइतकाच, बहुधा पाऊण फेरा, आवळावा. पान्याचा जोर लावूं नये.

आतां ती जागा. नवा फिल्टर कोरडा असतो, म्हणून तो भरून बसवावा अशी बुद्धि होते. मींही तसेंच केलें. पाणी ओढण्याच्या एंजिनाचा डिझेल-कॅन जवळ होता. त्यांतून फिल्टरच्या मधल्या मोठ्या भोंकांत डिझेल ओतलें. गाडी लगेच चालू झाली म्हणून समाधानही वाटलें. पुढें थोड्याच दिवसांनीं ती धूर सोडूं लागली, चढावर दम सोडूं लागली, आणि ऐन कांद्याच्या हंगामांत दारांत बसली. पंप उघडला तेव्हां दट्ट्यावर ओरखडे स्पष्ट दिसत होते. या प्रकारच्या बहुतेक फिल्टरांत डिझेल कडेच्या लहान भोंकांतून शिरून कागदांतून गाळलें जातें, व मधल्या भोंकांतून पंपाकडे जातें. मध्यें ओतलेलें डिझेल म्हणजे न गाळतां पंपास पाजलेलें डिझेल. त्या दुरुस्तीच्या पैशांत पंचवीस फिल्टर सहज आले असते. तेव्हांपासून मी फिल्टर कोराच बसवितों व हातपंपानें भरतों.

हातपंप फिल्टरच्या डोक्यावर किंवा नळीवर असतो. डोक्यावरील हवेचा स्क्रू सैल करून पंप दाबीत राहावें. प्रथम नुसती हवा, मग फेंस, शेवटीं बुडबुड्यांवांचून अखंड धार येते. धार चालू असतांनाच स्क्रू आवळावा. पुढें हातपंप घट्ट लागूं लागला म्हणजे फिल्टर भरला. स्टार्टर एका वेळीं दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारूं नये, आणि मध्यें मिनिटभर थांबावें. गाडी चालू झाल्यावर सांधे कोरड्या चिंधीनें पुसून पाहावे. पंप स्वतः टाकींतून डिझेल ओढीत असल्यास सैल सांध्यांतून थेंबही न गळतां उलट हवाच आंत ओढली जाते. अशी गाडी सकाळीं चालू होण्यास त्रास देते. मेकॅनिक त्यास 'एअर घेतली' म्हणतात.

पूर्वीं हवा राहिल्यास इंजेक्टरच्या नळीची नट सैल करीत. जुन्या पंपाच्या गाडीस तें चालतें. कॉमन रेलच्या गाडीस तें कदापि करूं नये. टायरांत सुमारें २ बार दाब असतो, तर या नळ्यांत तो २,००० बारपर्यंत जाऊं शकतो. तेथील बारीक धार कातडी भेदून आंत शिरते; जखम टांचणीएवढी दिसली तरी शस्त्रक्रिया करावी लागते. अशा गाडींत हातपंप नसल्यास टाकींतील विजेचा पंप चालवून हवा काढण्याची रीत पुस्तकांत असते, तीच पाळावी.

परातींतील डिझेल पुन्हां टाकींत ओतूं नये. ओढ्यांत किंवा विहिरीजवळ तर मुळींच टाकूं नये. झांकणाच्या डब्यांत साठवून गॅरेजवाल्याच्या जुन्या तेलाच्या पिंपांत द्यावें. नव्या फिल्टरवर तारीख व किलोमीटरचा आकडा खडूनें न लिहितां रंगानें लिहावा. खडू पहिल्या पावसांतच जातो.