इस्रायलला, माझ्या लोदला येतोस तर ऐक, बाळा

बॅगेत काय भरायचं ते तुझी आई सांगेलच. माणसं कशी जोडायची, ते मावशीकडून ऐक. गलबत फुटून आपली, बेने इस्रायल ज्यूंची, सात जोडपी नवगावच्या किनाऱ्याला लागली, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्यांनी तेलाचे घाणे चालवले, मराठी आपली केली, गावांवरून पेणकर, रोहेकर, चेऊलकर झाले. शनिवारी तेवढा घाणा बंद राहायचा, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. गावात पुरतं मिसळूनही आपला शनिवार सोडला नाही त्यांनी. इथे शनिवार सगळ्यांचाच आहे; तुला सांभाळायची आहे ती मराठी. बाकी मिसळायची रीत तीच.

१. आल्या आल्या उल्पानच्या, म्हणजे नव्यांना हिब्रू शिकवणाऱ्या, वर्गात नाव घाल – हिब्रू तर येईलच, पण बाकावरची रशियन, इथिओपियन, फ्रेंच पोरंही तुझ्यासारखीच नवी असतात, आणि नव्यासाठी वेळ नव्याकडेच असतो. चुकत बोल, पण बोल. पहिलं वर्ष कानाचं, दुसरं जिभेचं.

२. पहिल्याच आठवड्यात इमारतीतल्या प्रत्येक दारी नाव सांगून ये; आसऱ्याची खोली कुठे आणि तिची किल्ली कुणाकडे, तेही विचारून घे – हल्ल्याचा भोंगा वाजल्यावर ओळखी करून घ्यायला वेळ नसतो. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीला जिन्यात हात कोण देणार, हे आधीच ठरलेलं असावं. तूच देशील, मला माहीत आहे.

३. शेजाऱ्याकडे पहिल्यांदा जाताना शिजवलेलं नेऊ नकोस, अख्खी फळं ने – कोशर, म्हणजे खाण्यापिण्याचे धर्मनियम, कडक पाळणाऱ्या घरात दुसऱ्याच्या भांड्यातलं चालत नाही, आणि नको म्हणताना तुझ्यापेक्षा त्यांनाच अवघडतं. ओळख वाढली की गव्हाच्या चिकाचा हलवा त्यांच्याच घरी, त्यांच्याच पातेल्यात आटव. मटणाबरोबर दूध चालत नाही, पण त्यात नारळाचं दूध असतं, त्यामुळे मटणाच्या जेवणावरही खाता येतो. एवढं सांगितलंस की घरची बाई कृती लिहूनच घेईल. वाटीने गेलेलं परातीने येतं, बाळा.

४. शुक्रवारचं जेवण कुणाकडे, ते गुरुवारीच ठरव – बहुतेक शहरांत शुक्रवार संध्याकाळपासून शनिवारी अंधार पडेपर्यंत बस नसते, दुकानंही बंद, आणि एकटं माणूस नेमकं त्याच वेळी कासावीस होतं. कुणी बोलावलं तर तुझं ते अलिबागचं ‘बघतो’ नको. हो म्हण आणि वेळेवर जा.

५. झकपक सिनेगॉगपेक्षा जिथे माणसं कमी पडतात तिथे जाऊन बस – प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि दहाव्याचं नाव कुणी विसरत नाही. अलिबागच्या मागेन अबोथमध्ये दहा जमवायला किती निरोप धाडावे लागतात, ते तू पाहिलंच आहेस.

६. कुणाच्या घरचं माणूस गेलं, तर ओळख जुजबी असली तरी सात दिवसांत जाऊन बसून ये – दार उघडं असतं, आणि घरचे बोलल्याशिवाय पाहुण्याने बोलायचं नसतं, म्हणजे तुझं मोडकं हिब्रूही आड येत नाही. लग्नाला आलेले फोटोत राहतात, मौतीला आलेले घरात राहतात.

७. एलियाहू हन्नबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, नावाचा मलिदा असेल तिथे नारळ खवायला तासभर आधी पोच – खऱ्या गप्पा मलिद्याच्या ताटापाशी नाही, पोहे-गूळ कालवताना होतात. आपण अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या टाप्याला जातो, तसे इथले आपले लोक हैफाला त्याच्या गुहेत जातात. एकदा जा, दिमोना, बीरशेबा, अशदोदची मंडळी एकाच दिवशी भेटतील.

८. तरी सगळ्याच संध्याकाळी आपल्यांत घालवू नकोस – इथे क्रिकेट बरंचसं आपल्याच पोरांनी रुजवलं, मग एखाद्या मोरोक्कन शेजाऱ्याच्या पोराच्या हाती बॅट द्यायला काय हरकत आहे?

९. रंगावरून, बोलण्यावरून कुणी टोचून बोललं तर गिळू नकोस आणि एकट्याने भांडूही नकोस – आधी आपल्या चार मोठ्यांना सांग. हे मी उगाच सांगत नाही. सुरुवातीच्या काळात आलेल्या आपल्या लोकांना इथे इतका दुजाभाव सोसावा लागला, की काही जण भारतात परत गेले. पुढे तर इथल्या धर्मगुरूंनी आपल्या लग्नसंबंधांवरच शंका घेतल्या. तेव्हा आपली माणसं बायकामुलांसह जेरुसलेमला धरणं धरून बसली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये इथल्या संसदेने, क्नेसेटने, बेने इस्रायल इतरांसारखेच पूर्ण ज्यू आहेत असं जाहीर केलं. वेगवेगळ्या गावांत विखुरलेली ही माणसं एकत्र बसू शकली, कारण त्यांनी एकमेकांची दारं आधीपासून ओळखीची ठेवली होती. म्हणून म्हणते, अडचण आल्यावर माणसं शोधायला निघू नकोस.

१०. आईला फोन कर, पण दिवसातलं एखादं तरी दुखणं इथल्या कुणाला सांग – तुझे रात्रीचे दहा वाजतात तेव्हा उन्हाळ्यात तिच्याकडे साडेबारा झालेले असतात, आणि मग ती पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लावत नाही.

११. कडवे वाल बॅगेत कोंबू नकोस, इथल्या भारतीय दुकानात मिळतात – बिरड्याच्या सणाच्या, म्हणजे तिशा बेआवच्या, दोन दिवस आधी ते भिजत घाल, मोड येऊ दे, आणि ‘सोलायला या’ एवढा निरोप चार घरी धाड. चटया जास्तीच्या आणून ठेव.