तालमीतील बैठक आणि अर्धांगवायू

बेळगाव-निपाणीकडील पुष्कळ गावांतून तालमी आहेत, आणि तेथे बैठका काढणारी मुले आमच्या वर्गातही आहेत. त्याच बैठकेचे एक सौम्य रूप अर्धांगवायूच्या रोग्यास पुन्हा उभे करते, हे मात्र थोड्यांसच ठाऊक असते.

या रोगात मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. डाव्या बाजूस इजा झाली, की उजवा हात-पाय लुळा पडतो. मूळ दोष स्नायूत नव्हे, त्यास मिळणाऱ्या आज्ञेत असतो. स्नायू पुढे वापराअभावी झिजतो. मेंदूचा शाबूत भाग गेलेले काम काही अंशी शिकतो, पण पुनःपुन्हा करविल्यावरच.

डॉक्टरांनी अनुमती दिली, की रोग्यास भिंतीशी टेकलेल्या उंच खुर्चीवर बसवावे. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घेऊन, धड पुढे झुकवून त्याने उठावे व सावकाश बसावे. धपकन बसू नये. मांडीच्या स्नायूस बसतानाही श्रम होतात. रोगी नकळत सारा भार चांगल्या पायावर टाकतो. ते पाऊल थोडे पुढे सरकविले, की दुबळ्या पायास कामास लागावेच लागते. जमू लागले, म्हणजे आसन ठेंगणे घ्यावे. चक्कर आल्यास थांबावे.

अशा श्रमांनी स्नायू अधिक ताठरतात, अशी समजूत एके काळी तज्ज्ञांतही होती. पुढील अभ्यासांत तसे आढळले नाही.

आमच्या शेजारी एक सून सासऱ्यांना काखेत हात घालून उठवीत असे. त्यात माया होती. पण पाय रिकामाच राहिला, आणि खांदा दुखावला तो वेगळाच. आता ती दुबळ्या बाजूस नुसती उभी राहते. मामंजी चारदा स्वतः उठतात, आणि मग चहा मागतात.