नदीकाठची झुडपे आणि गाळ

भोर व वेल्हे या डोंगरी भागांत नीरा, वेळवंडी, गुंजवणी व कानंदी या नद्या वाहतात. त्यांच्या काठी लव्हाळा, शेरणी व वाळुंज उगवतात. पुष्कळ लोक ही झुडपे निरुपयोगी समजून तोडितात. म्हणून त्यांच्या कामाचा आम्ही येथे विचार करणार आहो.

पहिले काम वेग मोडण्याचे. पाण्याचा जोर मंदावला म्हणजे आधी गोटे, मग वाळू व शेवटी बारीक गाळ खाली बसतो. लव्हाळा पुरात वाकतो खरा, पण त्याच्या दाट काड्यांत पाणी अडखळते व तेथे गाळ साठतो.

दुसरे काम माती धरण्याचे. शेरणीची मुळे खडकांच्या फटींत शिरतात; वाळुंजाची मुळे काठाची माती जखडून ठेवितात. काठ उघडा केला तर मोठ्या पुरात भातखाचराची कड ढासळते. ती माती जाते कोठे? वेळवंडीच्या खोऱ्यातील पुष्कळ माती भाटघरच्या जलाशयात बसते व पाण्याची जागा अडविते. आणि त्या पाण्यावर खाली बारामतीकडील शेते अवलंबून आहेत.

तथापि झुडपांनाही मर्यादा हवी. दोन दाट बेटांमधून पाणी जोराने धावते व तळ खणते. अरुंद ओढा झाडोऱ्याने भरला तर पाणी चढून शेतात शिरते. यास्तव मधली धार मोकळी ठेवावी. काठ मात्र उघडा करू नये.

पावसाळा सरल्यावर वाचकांनी लव्हाळ्याच्या बेटामागे व उघड्या पात्रात कोणती माती बसली, हे हातात घेऊन पाहावे.