सही करण्यापूर्वी

बेळगाव

चि. बाळ यास मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

काल निपाणीच्या वखारीतून आलेल्या एका गृहस्थाने जी वार्ता सांगितली, ती असत्य ठरावी अशी इच्छा धरून हे पत्र लिहीत आहे. तुला अठरा पूर्ण होताच काकांनी पुण्यास एक कागद धाडला, वेदगंगेकाठचे रान तू अज्ञान असताना विकले गेले त्या व्यवहारास तुझी संमती असल्याचा मजकूर त्यात आहे आणि दिवाळीत येऊन तू त्यावर सही करणार आहेस, असे तो म्हणाला. बाळ, सही करू नकोस.

ते रान तुझ्या वडिलांनी स्वकष्टार्जित पैशाने घेतले. आजी आधीच गेल्या होत्या, त्यामुळे वडिलांमागे आई, तू आणि छकुली यांचे त्यात सारखे तीन हिस्से झाले; काकांच्या हाती होती ती केवळ वहिवाट. अज्ञानाची मिळकत विकावयाची तर 1956 च्या पालकत्वाच्या कायद्याने प्रत्यक्ष आईलाही न्यायालयाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते, मग काकांची काय कथा! परवानगी कोणी मागितली नाही. वारसा नोंदीचा कागद म्हणून तुझ्या आईपुढे कानडी दस्त ठेवला गेला. त्या न वाचता येणाऱ्या ओळींखाली तिची मराठी सही आहे, आणि तिचे शेवटचे अक्षर शिक्क्याच्या शाईत बुडाले आहे. तिच्या हिश्श्याचे काय करावयाचे ते वकिलांना विचारू. पण तुम्हा भावंडांच्या हिश्श्यांपुरता तो दस्त तुम्हाला रद्द करवून घेता येतो. मात्र सज्ञान झाल्यावर तूच त्यास मान्यता दिलीस, तर तो हक्क तुझ्याच लेखणीने संपला असे समज.

सही न करणे एवढ्यानेही भागत नाही. दावा लावण्याची मुदत सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांची, म्हणजे तुझी एकवीस पूर्ण होईपर्यंतची. महाराष्ट्रातल्या एका खटल्यात मुलांनी आईने विकलेल्या जमिनीचा कब्जा मागितला, पण खरेदीखत रद्द करण्याची मागणी दाव्यात घातली नाही; ती मागाहून घातली तोवर मुदत टळली होती, आणि 2001 साली सर्वोच्च न्यायालयातही त्यांच्या हाती काही लागले नाही. छकुली अजून अज्ञान असल्याने तिच्या वतीने वादमित्र म्हणून आईला किंवा मला आजही दावा लावून मनाई हुकूम मागता येईल. काका म्हणतील, रान एकत्र कुटुंबाचे, मी कर्ता, कुटुंबाच्या गरजेसाठी विकले. ते सिद्ध झाले तर पूर्वपरवानगीचा मुद्दा लंगडा पडतो. म्हणूनच वडिलांच्या नावचे मूळ खरेदीखत मी माझ्या ट्रंकेत कुलपात ठेवले आहे.

तुझ्या वयाचा असताना लखमगौडा लॉ कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन मी परतलो होतो, कारण घरी पगाराची निकड होती. पुढे सारा जन्म कचेरीत इतरांच्या कैफियती नकलण्यात गेला. त्या नकलांतली किती पोरे तुझ्यासारखीच भिडेपोटी बुडाली! मी वकील असतो तर तुझे वडील वारले त्याच वर्षी हा प्रश्न धसास लावला असता, ही हळहळ काही जात नाही. म्हणून पुन्हा लिहितो, सही करू नकोस.

रागाने लिहिले असेल तर मनावर घेऊ नकोस. फी काका भरतात म्हणून तुझी जीभ रेटत नसेल, हे मला कळते. त्यांनी तुला खांद्यावर घेऊन उरूस दाखवला आहे, तेही मी विसरलो नाही. त्यांच्याशी उद्धट बोलू नकोस, नमस्कार चुकवू नकोस. कागद मामांना दाखवून सांगतो, एवढेच म्हण, म्हणजे वाईटपणा माझ्याकडे येईल. तुझी आई हल्ली जेवत नाही, तिला दोन ओळी लिही.

या सत्राची फी आणि मेसचे पैसे आज पाठवले आहेत. काकांकडे मागू नकोस.

तुझा,
मामा