शाळेची वाट बागेतून

'शाश्वत वाहतूक' हा विषय आपण ट्रान्सपोर्टेशनच्या पेपरात पाच मार्कांपुरता लिहितो. व्याख्या, दोन फायदे, एक आकृती आणि पुढचा प्रश्न. मेट्रो, बीआरटी असली मोठी नावं आली की आपल्याला वाटतं, हे काम सल्लागार कंपन्यांचं, आपण काय करणार? म्हणून या लेखात मुद्दामच एक छोटा प्रश्न घेतला आहे. वस्तीतली एक शाळा, तिच्या भिंतीला लागून नगरपालिकेची बाग. या दोन्ही ठिकाणी लोकांनी यायचं कसं, याचा आराखडा करायचा आहे. टेप, स्टॉपवॉच आणि ग्राफ पेपर एवढ्यावर भागतं.

आधी शाळेचं फाटक पाहू. आपल्याकडे पुष्कळ शाळा दोन अधिवेशनांत भरतात. दुपारी साडेबाराच्या सुमाराला सकाळची मुलं सुटतात आणि त्याच वेळी दुपारची येतात. म्हणजे एकाच फाटकावर दोन्ही दिशांचा लोंढा. रिक्षा, व्हॅन, स्कूटर, कार, भेळवाला आणि मधून वाट काढणारी पहिली-दुसरीतली पोरं. हे दृश्य पाहिलं की कुणीही सांगतो, "रस्ता रुंद करा." इथेच जरा थांबून हिशोब करायला हवा.

समजा, फाटकासमोर ३० मीटर मोकळी कडा आहे. एक कार थांबून निघायला ६ मीटर जागा धरू, म्हणजे एका वेळी ५ कार. दप्तर, डबा, पाण्याची बाटली आणि टाटा मिळून ४५ सेकंद. शाळा भरण्याच्या २० मिनिटांत, म्हणजे १२०० सेकंदांत, एका जागेवर २६ कार येऊन जातील. पाच जागांवर १३०. एका कारमध्ये एक मूल धरलं तर १३० मुलं, तीही सगळं घड्याळासारखं चाललं तर. आता त्याच फाटकाला २ मीटर रुंदीचा फुटपाथ जोडा. दोन-दोनच्या जोडीने मुलं आली आणि दर दोन सेकंदांना एक जोडी आत गेली, तर तेवढ्याच वेळात १२०० मुलं आत. रस्ता दुप्पट केला तरी कारचा आकडा २६० च्या पुढे जात नाही. अडचण डांबराच्या रुंदीची नाही, हे एवढ्यावरून कळतं. (दुचाकी जागा कमी खाते हे खरं, पण ती कडेला न थांबता थेट फाटकाच्या तोंडात घुसते. तो हिशोब तुम्ही करून पाहा.)

इथे रिक्षाकाका आणि व्हॅनवाले यांच्याबद्दल एक शब्द. गर्दीचं खापर नेहमी त्यांच्यावर फुटतं. पण एका फेरीत पाच-सहा मुलं आणणारं वाहन हे एका मुलाला आणणाऱ्या कारपेक्षा त्या कडेचा कितीतरी चांगला उपयोग करतं. क्षमतेपेक्षा जास्त मुलं कोंबली तर दंड जरूर करा, पण फाटकाजवळची पहिली जागा त्यांनाच द्यायला हवी, असं माझं मत आहे.

आता वेग. हे गणित आपण फिजिक्सपासून करतोय, पण शाळेसमोर उभं राहून करत नाही. ड्रायव्हरला मूल दिसल्यापासून ब्रेक लागेपर्यंत १ सेकंद धरा आणि कोरड्या रस्त्यावर मंदन ७ मीटर प्रति सेकंद वर्ग. ताशी ३० किमी म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. प्रतिक्रियेत ८.३ मीटर आणि ब्रेकमध्ये सुमारे ५ मीटर, एकूण साधारण १३.३ मीटर. ताशी ५० ला पहिल्या सेकंदातच गाडी १३.९ मीटर पुढे जाते आणि मग ब्रेकचं अंतर आणखी १३.८ मीटर. आता मूल १४ मीटरवर रस्त्यात आलं असं समजा. ३० वाली गाडी त्याच्या अलीकडे थांबते. ५० वाल्या गाडीचा ब्रेक लागतो तेव्हा ती मुलापर्यंत पोचलेली असते, म्हणजे धडक जवळजवळ पूर्ण ५० च्या वेगाने बसते. ड्रायव्हर तोच, ब्रेक तेच, फरक फक्त २० किमीचा. पावसाळ्यात मंदन निम्मं धरून हेच गणित पुन्हा करा. मग शाळेसमोरचा गतिरोधक 'त्रासदायक' वाटणार नाही.

सगळे पालक कार का काढतात? कारण विचारलं तर बहुतेक जण सांगतील, रस्त्यावर गाड्या फार, पोराला चालत कसं सोडणार? म्हणजे गाड्यांच्या भीतीने आणखी एक गाडी रस्त्यावर येते. हे चक्र मोडायचं असेल तर 'चाला हो चाला' असे फलक लावून उपयोग नाही. चालणाऱ्याची वाट आधी सुरक्षित आणि जवळची करावी लागते.

हे चक्र मोडल्याचं उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. आज आपण त्यांना सायकलवाल्यांचा देश म्हणतो, पण १९७१ साली तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली आणि त्यात चारशेहून अधिक लहान मुलं होती. शाळेला जाताना मुलगी गमावलेल्या एका पत्रकाराने १९७२ मध्ये वर्तमानपत्रात लेख लिहिला. त्याचा मथळा होता 'स्टॉप डे किंडरमोर्ड', म्हणजे 'बालहत्या थांबवा'. त्याच नावाने आंदोलन उभं राहिलं. आई-बाप मुलांना घेऊन रस्त्यात बसले. १९७३ च्या तेलटंचाईनेही सरकारला वेगळा विचार करायला भाग पाडलं. अलीकडच्या वर्षांत तिथला मृत्यूंचा वार्षिक आकडा सातशेच्या आसपास असतो, आणि गाड्या मात्र १९७१ पेक्षा कितीतरी जास्त आहेत.

त्याच देशातलं हाउटेन हे गाव आपल्या प्रश्नाला थेट लागू पडतं. उट्रेख्टजवळचं हे खेडं वाढवायचं ठरलं, तेव्हा रॉब डर्क्स या नियोजनकाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याचा आराखडा केला. गावाभोवती एक रिंगरोड. कारने एका भागातून दुसऱ्या भागात जायचं तर आधी बाहेर रिंगरोडवर जा, वळसा घाला, मग आत या. मधून कारला आरपार रस्ताच नाही. पायी आणि सायकलने मात्र सरळ गावाच्या मधून जाता येतं. हिरव्या पट्ट्यांतून जाणाऱ्या या सायकलवाटांच्या काठाने शाळा आहेत आणि मध्यभागी रेल्वे स्टेशन. आज गावाची वस्ती पन्नास हजारांच्या घरात आहे. इथे कारवर बंदी नाही. फक्त कारला लांबचा रस्ता दिला आणि मुलाला जवळचा. माझ्या मते शाळेच्या प्रवासाच्या नियोजनाचं सगळं सार या एका वाक्यात आहे.

आपल्या जुन्या वस्त्यांत नवा रिंगरोड कुठून आणणार? मान्य. पण शाळेशेजारी बाग आहे ना! मुलाला जवळचा आणि गाड्यांपासून मोकळा रस्ता देण्याची ताकद त्या बागेतच आहे. समजा, बाग २०० मीटर लांब आणि १५० मीटर रुंद आहे. समोरच्या कोपऱ्यातून शाळेला जायचं तर रस्त्याने ३५० मीटर, बागेतून तिरकं २५० मीटर. शंभर मीटर वाचले, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मधला चौक टळला. आता पलीकडच्या फाटकावर गाड्या थांबण्याची जागा करा. पालकांनी मुलाला तिथे सोडायचं आणि पुढे मूल चालत जाईल. सेकंदाला १ मीटर या लहान मुलाच्या चालीने चार मिनिटं आणि थोडी. शाळेच्या फाटकासमोरची गर्दी आपोआप दोन ठिकाणी वाटली जाते.

मात्र यात एक गोम आहे. आपल्याकडे बऱ्याच सार्वजनिक बागा सकाळी आणि संध्याकाळी उघड्या असतात आणि दुपारी बंद. म्हणजे साडेबाराला, जेव्हा वाटेची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकं तेव्हाच फाटकाला कुलूप! शिवाय मागचं फाटक कित्येकदा कायमचंच बंद. माळीदादांचं म्हणणंही अगदीच चूक नाही. पोरं झाडं तुडवतात, नळ उघडे टाकतात. यावर उपाय म्हणजे बागेच्या एका कडेने अडीच-तीन मीटर रुंदीची फरसबंद वाट वेगळी काढायची, तिला कमरेएवढं कुंपण घालायचं आणि ती दिवसभर उघडी ठेवायची. उरलेल्या बागेची वेळ आहे तीच राहू द्या. कुंपण कमरेच्या वर नको, झुडपं दाट नकोत. वाट दोन्ही टोकांकडून दिसली पाहिजे आणि संध्याकाळच्या क्लासवरून येणाऱ्या मुलींसाठी दिवे हवेत. खर्च एखाद्या डांबरी गल्लीपेक्षा जास्त यायचं कारण नाही. अडतं ते बहुधा दुसरीकडेच. बाग उद्यान विभागाची, रस्ता बांधकाम विभागाचा, शाळा संस्थेची, आणि तिघांना एका टेबलावर बसवणारा कुणी नाही.

रस्ता ओलांडणं उरतंच. सिग्नलच्या गणितात पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरण्याची पद्धत आहे. १२ मीटर रस्त्याला १० सेकंद. दप्तर घेतलेलं मूल ०.९ ने चाललं तर १३ सेकंदांहून जास्त, म्हणजे दिवा बदलला तेव्हा ते अजून रस्त्यातच. मध्ये दुभाजकात उभं राहायला दोन मीटरचा ओटा दिला तर ओलांडणं दोन तुकड्यांत होतं. त्याहून उत्तम म्हणजे क्रॉसिंगच फुटपाथच्या उंचीला उचलायचं. मग चढ-उतार गाडीला करावा लागतो, मुलाला नाही.

मोठ्या मुलांसाठी सायकल. सायकल स्टँड शाळेत न करता बागेच्या आणि शाळेच्या मधल्या भिंतीशी केला तर सकाळ-दुपार विद्यार्थी आणि संध्याकाळी बागेत येणारे, दोघांना तोच पुरतो. नववी-दहावीतल्या मुलाच्या हातात स्कूटरची किल्ली देणाऱ्या पालकांसाठी एक माहिती: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंडाची तरतूद आहे. आणि शिक्षण हक्काचे नियम तर पहिली ते पाचवीच्या मुलासाठी शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी असं धरूनच केले आहेत. म्हणजे कायद्यालाही मूल चालत येणंच अभिप्रेत आहे.

कुणाला एनएसएससाठी किंवा मिनी प्रोजेक्टसाठी हे करायचं असेल तर वर्गात हात वर करायला लावून दोनच प्रश्न विचारा: आज कसा आलास, आणि कसं यायला आवडलं असतं? दोन्ही उत्तरांतला फरक हेच तुमच्या प्रोजेक्टचं भांडवल. मग चौघांनी फाटकावर पाच-पाच मिनिटांच्या टॅली मार्क्सनी वाहनं मोजायची, दोघांनी बागेच्या दोन्ही फाटकांच्या वेळा आठवडाभर टिपायच्या. पाटीवर लिहिलेली वेळ आणि कुलूप खरोखर उघडण्याची वेळ वेगळी निघू शकते, ती दोन वेगळ्या रकान्यांत लिहा. आणि शाळा उघडल्यावरचे पहिले पंधरा दिवस मोजणी करू नका. त्या दिवसांत नव्या वर्गाच्या कौतुकाने आई-बाबा दोघेही सोडायला येतात आणि आकडा फुगतो. एकदा जुलैच्या पावसात मोजा, एकदा डिसेंबरात.