सुटकेनंतर काय? : शहापूर-मुरबाडच्या दृष्टीने एक विचार

'बारावीनंतर काय?' या विषयावर आपल्याकडे दरवर्षी व्याख्याने होतात. 'तुरुंगातून सुटल्यानंतर काय?' या विषयावर मात्र कोणी बोलत नाही. वास्तविक व्यवसाय-मार्गदर्शनाची खरी गरज ज्याच्यापुढे वाटा अनेक आहेत त्याला कमी आणि ज्याच्यापुढच्या वाटा बंद झाल्या आहेत त्याला अधिक असते. समाजशास्त्राचा विद्यार्थी आणि मुरबाड तालुक्याचा रहिवासी या नात्याने हा प्रश्न आपल्या भागापुरता मांडण्याचा मी येथे प्रयत्न करणार आहे.

प्रथम बंदिवान म्हणजे कोण, हे पाहू. आपल्या डोळ्यांसमोर येतो तो शिक्षा भोगणारा कैदी. परंतु २०२२ अखेरच्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार देशातील कैद्यांपैकी सुमारे ७६ टक्के कच्चे कैदी होते. म्हणजे त्यांचा खटला अद्याप चालू होता, गुन्हा शाबीत झाला नव्हता. पक्क्या कैद्याला काम दिले जाते, त्याचा मोबदला मिळतो. हा मोबदला न्याय्य असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितले आहे. येरवड्याला छपाई, विणकाम, सुतारकाम असे उद्योग आहेत. नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रमही कारागृहांतून चालतात. कच्च्या कैद्यावर मात्र कामाची सक्ती नसते, आणि तो उद्या सुटेल की दोन वर्षांनी, हे कोणालाच ठाऊक नसते. वर्षभराचा अभ्यासक्रम त्याच्या काय कामाचा? म्हणजे ज्यांची संख्या सर्वांत मोठी, नेमके तेच प्रशिक्षणाबाहेर राहतात.

आता आपल्या तालुक्यांकडे वळू. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी शहापूर आणि मुरबाड ठाणे जिल्ह्यातच राहिले. तुरुंग म्हटला की आपल्या लोकांना ठाण्याचा किल्ला किंवा कल्याणची आधारवाडी आठवते. ही ठिकाणे लांब नाहीत, पण तिथे जाण्याची किंमत मोठी आहे. आपली शेती पावसाच्या भाताची. राब भाजल्यानंतर पकडलेला माणूस आवणीला घरी नसला, तर त्या घराचे वर्ष बुडते. वकिलासाठी व जामिनासाठी पैसे लागतात. ते कोठून आणायचे? वीटभट्टीवाल्याकडून उचल घेऊन. मग दिवाळीनंतर सारे कुटुंब भट्टीवर जाते, मुलांची शाळा सुटते. आरोपी निर्दोष सुटला तरी उचल फिटलेली नसते. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. पण कर्जाने बांधला गेलेला माणूस व्यवसायाची निवड काय करणार?

म्हणून माझे पहिले प्रतिपादन असे की, आपल्या भागात व्यवसाय-मार्गदर्शनाचा पहिला धडा मोफत वकील हा आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतील व्यक्तीला, तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला विनामूल्य कायदेशीर मदतीचा हक्क आहे. पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कच्च्या कैद्याने संभाव्य कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेत आहे. (देहदंड वा जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक प्रकरणे यांना ती लागू नाही.) ही माहिती वेळेवर मिळाली, तर एक उचल टळते. एक उचल टळणे म्हणजे पुढच्या वर्षीचे बियाणे घरात राहणे होय.

दुसरा धडा कामाच्या निवडीचा. या बाबतीत महाराष्ट्राजवळ एक जुने उदाहरण आहे. १९३९ साली औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुली वसाहत उभी राहिली. तिथे कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. पोलंडहून आलेल्या मॉरिस फ्रीडमन यांचा त्यामागे मोठा वाटा होता. १९५७ सालच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटाची प्रेरणा हीच वसाहत. मला यातली महत्त्वाची गोष्ट भिंतींचा अभाव ही वाटत नाही. आत जे काम, तेच बाहेर करता येण्याजोगे होते आणि कुटुंब तुटले नव्हते, ही ती गोष्ट होय. आपल्याकडच्या माणसाला यंत्रमाग शिकवला, तर तो भिवंडीला जाईल. पंप दुरुस्ती, वायरिंग, गवंडीकाम, रोपवाटिका शिकवली, तर तो गावात राहू शकेल. दोन्ही वाटा चांगल्या आहेत. पण कोणती हवी, हे त्याला आधी विचारले पाहिजे. आणि कच्च्या कैद्यासाठी शिक्षणाचे तुकडे पंधरा-पंधरा दिवसांचे हवेत, म्हणजे तो मध्येच सुटला तरी हाती काहीतरी राहील.

तिसरा धडा कागदपत्रांचा. शहापूर आणि मुरबाड येथे औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. अशा संस्थांच्या प्रवेशाला कमाल वयोमर्यादा नसते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. पण जातीचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचे खाते नसेल, तर तो उंबरठा ओलांडता येत नाही.

चौथा धडा सर्वांत अवघड : 'तुमच्यावर गुन्हा दाखल झाला होता काय?' या प्रश्नाचे उत्तर. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात सांगितले की माहिती खरी दिली पाहिजे. ती दडवल्यास नोकरी जाऊ शकते. प्रकरण अगदी किरकोळ असेल, तर मालक दडवणुकीकडेही विवेकाने दुर्लक्ष करू शकतो. मात्र माहिती खरी दिली तरी मालकावर नेमणुकीची सक्ती नाही. १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली सोडलेल्या व्यक्तीला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही, पण दोषसिद्धी पुसली जात नाही. बालन्याय कायद्याचे संरक्षण याहून अधिक आहे. हे बारकावे मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीच्या फाटकावर उभ्या असलेल्या तरुणाला कोण सांगणार?

१९९० पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प या क्षेत्रात काम करीत आहे. सुटलेल्या व्यक्तीला काही काळ एखाद्या संस्थेत उमेदवारी देऊन कामाची सवय आणि ओळख मिळवून देणे, हा त्यांच्या पद्धतीचा एक भाग आहे. यामागचा विचार साधा आहे. मालकाला हुनरापेक्षा आधी हमी हवी असते. 'हा माणसात वागतो' असे सांगणारे कोणीतरी हवे असते.

ही हमी कोण देणार? एक आक्षेप येईल की प्रामाणिक बेकार तरुणांनाच काम नाही, तर यांना आधी का? आक्षेप खोटा नाही. परंतु ज्याला कोणीच काम देत नाही, तो पुन्हा कोणाच्या हाती सापडतो, याचाही हिशेब मांडला पाहिजे. शिवाय कच्च्या कैद्यांपैकी कितीतरी जण पुढे निर्दोष ठरतात. त्यांना आपण कोणत्या न्यायाने मागे ठेवतो?

आपल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत आपण बंधारे बांधतो, झाडे लावतो. त्याच शिबिरात एक दिवस तालुका विधी सेवा समितीच्या वकिलांना वाडीवर न्यावे, दाखल्यांचे अर्ज भरून द्यावेत, प्रशिक्षण संस्थेची माहिती सांगावी, अशी माझी सूचना आहे. या कामाला निधी लागत नाही. अर्ज भरता येणारे हात लागतात, आणि ते आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत.